युकुलेले शिकणाऱ्याला चूक सांगायची कशी?

गच्चीवरचा (मांजलपूर, वडोदरा)
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी आम्ही ९ जण युकुलेले (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य) घेऊन बसतो. शिक्षक असा कोणी नाही. मी ६ वर्षं वाजवतोय, म्हणून अडलं की सगळे माझ्याकडे बघतात, इतकंच. सगळ्यात लहान मुलगी ११ वर्षांची आणि सगळ्यात मोठ्या काकू ६४ च्या.

तीन रविवारांपूर्वीची गोष्ट मनातून जात नाही. चार कॉर्डचं (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) सोपं गाणं चाललं होतं: सी, ए मायनर, एफ, जी. जी आला की काकू दर वेळी अडखळत होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काकू, लय सुटतेय तुमची. घरी मेट्रोनोम लावून बसा." (म्हणजे लय धरायला टकटक करणारं यंत्र.) आवाज चढवला नव्हता, मनात काही वाईटही नव्हतं. त्या "बरं" म्हणाल्या, पुढची दोन गाणी युकुलेले मांडीवर आडवं ठेवून नुसत्या ऐकत बसल्या. त्यानंतर आल्याच नाहीत. मेसेजला उत्तर येतं, "या आठवड्यात जमत नाही रे."

नंतर बायकोकडून कळलं की काकू गेली ३० वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात. ज्या बाईच्या पेटीवर अख्खं मंडळ गातं तिला मी लयीचा धडा दिला.

पण अडखळत तर होत्या ना? गप्प बसलो असतो तर तेही बरोबर नव्हतं. शिकणाऱ्याचा हुरूप न मोडता चूक कशी सांगता तुम्ही? शिकवणाऱ्यांनी सांगा, शिकणाऱ्यांनीही सांगा.

शेवउसळ
मी शिकणाऱ्यांपैकी. चौथा महिना चालू आहे, राहते रावपुऱ्यात.

मला उलटा अनुभव आला. आमच्या गटात सगळे "छान, छान" म्हणायचे. माझा एफ दोन महिने बसका वाजत होता आणि कुणी बोललं नाही. मला वाटायचं, माझं वाद्यच स्वस्तातलं आहे. एक दिवस कुणाचा तरी भाऊ पाहुणा म्हणून आला. त्याने जवळ बसून एकेक तार छेडायला लावली. जी वाजली, सी वाजली, ई वाजली, शेवटची ए मात्र ठप्प. माझं पहिलं बोट ई तारेवर आडवं पडत होतं आणि शेजारच्या मोकळ्या तारेला टेकत होतं. तो एवढंच म्हणाला, "नख कापा आणि बोट टोकावर उभं करा." आठवड्यात एफ मोकळा झाला.

घरी जाऊन मी रडले हो. त्याच्या बोलण्याचं वाईट वाटलं नव्हतं. दोन महिने सगळ्यांनी ऐकलं आणि कुणी सांगितलं नाही, याचं वाटलं. तेव्हा तुम्ही बोललात ते चुकलं असं मी म्हणणार नाही. सगळ्यांसमोर बोललात ते चुकलं.

तिसरी_खुंटी (इंदूर)
काकू पट्टा लावतात का?

ग्वाल्हेरकर
मी गाण्यातला माणूस, युकुलेले हातात धरलेलं नाही. तरी लिहितो, कारण प्रश्न वाद्याचा नाही.

आमचे गुरुजी एकच शब्द वापरायचे: "पुन्हा." काय चुकलं ते सांगायचे नाहीत. एका पलट्यावर, म्हणजे स्वरांच्या एका ठरावीक सरावावर, मी सहा महिने काढले आहेत. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी माझं मलाच ऐकू आलं की माझा गंधार वर चढतोय. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्या दिवसापुरता दुरुस्त केला असता. माझा मला ऐकू आला म्हणून तो गंधार आजतागायत जागेवर आहे. चूक सांगण्यापेक्षा चूक ऐकू यायला लावणं मोठं, हे मी मनापासून मानतो.

आणि "लय सुटतेय" यात अपमान कसला? सुटत असेल तर सुटतेय. ३० वर्षं पेटी वाजवणाऱ्या बाईंना हे शब्द नवे नसणार. आजकाल प्रत्येक वाक्याला साखर लावून द्यायची अपेक्षा असते, ती मला पटत नाही.

रोजचा_रियाज (वडोदरा)
ग्वाल्हेरकर, तुमच्या गुरुजींबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. ते "पुन्हा" चाललं, कारण तुम्ही रोज त्यांच्यासमोर होता. आज नाही कळलं तर उद्या कळेल, एवढा काळ दोघांच्या हाताशी होता. इथे आठवड्यातून एक तास आणि समोर ९ जण. नुसतं "पुन्हा" ऐकून घरी गेलेला माणूस तीच चूक आठवडाभर घोटून परत येतो.

हा प्रश्न आमच्या गावाला जुना आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली आणि संगीतकार मौलाबक्षांच्या हाती दिली. एकाला एक असं शिकवणं मोडून मुलं वर्गात बसली, गाणं स्वरलिपीत फळ्यावर आलं. तीच शाळा वाढत जाऊन आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. मी सतार तिथेच शिकलो. आमच्या बाई वर्गात मोठ्याने बोलायच्या ते फक्त जमलेल्या जागेबद्दल: "याची मींड ऐका सगळ्यांनी, मधे कुठे तुटली नाही." (मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं.) चूक सांगायची असली की रांगेतून चालत येऊन कानाशी वाकायच्या. शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही. वर्गात बसलं की चूक जितकी आपल्याला ऐकू येते तितकीच ती बाकीच्या वीस जणांनाही येते, आणि शिकणाऱ्याचं निम्मं लक्ष त्या वीस जणांकडे जातं.

तुम्ही काकूंना गटात एकटं पाडलंत, नकळत. शब्दांपेक्षा ते लागलं असणार.

मुठेकाठी (पुणे)
मी मेट्रोनोमबद्दल लिहितो. नवशिक्याला मेट्रोनोम लावायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला घड्याळ देण्यासारखं आहे. बोटं बदलायला वेळ लागतोय म्हणून लय अडते. टकटक लावून बोटं लवकर बदलत नाहीत, नुसता घाम फुटतो. आधी बोटांचा रस्ता सांगा.

सी वाजवताना तिसरं बोट (अनामिका) ए तारेवर तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरची आडवी पट्टी) असतं. जी मध्ये तेच बोट त्याच फ्रेटवर शेजारच्या ई तारेवर जातं. म्हणजे सी वरून थेट जी ला जाताना ते बोट हवेत उचलायचं कारण नाही, एक तार सरकवायचं, बाकीची दोन बोटं त्याच्या आजूबाजूला दुसऱ्या फ्रेटवर बसतात. ए मायनर ते एफ तर त्याहून सोपं: मधलं बोट जागचं हलतच नाही, पहिलं फक्त येऊन बसतं. बहुतेक नवशिके दर बदलाला सगळी बोटं उचलतात आणि पुन्हा शून्यापासून मांडतात. हे एकदा दाखवलं की लयीबद्दल बोलायची वेळच येत नाही.

शेवउसळ
अगदी खरं. आणि सांगण्याआधी नुसतं विचारलं "फावतंय का?" तरी निम्मं काम होतं.

मुठेकाठी
फावतंय म्हणजे? वेळ आहे का, असं?

शेवउसळ
नाही नाही! तुमच्याकडे फावल्या वेळात पुस्तक वाचतात ते वेगळं. आमच्या बडोद्याच्या मराठीत गुजरातीतून आलंय. फावतंय का म्हणजे हाताला, अंगाला बरं वाटतंय का, सोयीचं पडतंय का. खुर्ची फावते, चप्पल फावते, सासरही फावतं.

मुठेकाठी
सुंदर शब्द आहे. आजपासून वापरणार. माझ्या बायकोला पुण्यातला माझा गाडी चालवायचा प्रकार फावत नाही, हे आता तिला एका शब्दात सांगता येईल.

रोजचा_रियाज
बडोद्यात आलात तर "मजा पडली" पण शिकवू. :)

विषयावर येतो. शेवउसळ म्हणतात तो प्रश्न मी सतारीच्या वर्गातही विचारतो आणि त्याचं उत्तर फार उपयोगी असतं. "जमतंय का?" विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा हो किंवा नाही म्हणतो. "फावतंय का?" म्हटलं की सांगतो: इथे बोट पोचत नाही, इथे मनगट अवघडतं.

आईची_शाळा (वडोदरा)
मुलांचं थोडं वेगळं असतं. मी शाळेत संगीत शिकवते, चौथी ते सातवी. मी मुलाच्या हातात मोबाईल देते आणि वीसच सेकंद रेकॉर्ड करायला सांगते. मग आम्ही दोघं ऐकतो आणि आधी त्याने बोलायचं, मी नाही. मुलं इतकं नेमकं सांगतात! "मी इथे थांबलो", "ही तार घरघरली". ग्वाल्हेरकर म्हणतात तसं त्यांचं त्यांना ऐकू येतं, फक्त सहा महिने लागत नाहीत. त्यातली एकच गोष्ट निवडायची आणि त्या दिवशी तेवढीच. दुसरी चूक समोर दिसत असली तरी मी जीभ आवरते. हे अजून मला जड जातं.

आणखी एक. "मनगट सैल सोड" हे वाक्य मी वर्षभर बोलले, एकाही मुलाचं मनगट सैल झालं नाही. मग नवरात्राच्या आधी सहज म्हणाले, "तीन ताळीचा गरबा खेळताना हात कसा येतो, तसा तारांवरून येऊ दे." अख्ख्या वर्गाचे हात एका दमात सुटले. जे अंगात आधीच आहे ते दाखवून दिलं की मुलाला आपण चुकतोय असं वाटतच नाही.

ग्वाल्हेरकर
आईची_शाळा, रेकॉर्डिंगचं मान्य. आमच्या वेळी ही सोय असती तर मीही वापरली असती.

पण वाक्याला साखर लावण्याबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही. रोजचा_रियाज यांच्या बाई "छान" म्हणत नव्हत्या, "मींड तुटली नाही" म्हणत होत्या. हा फरक मोठा आहे. कुठली जागा चांगली आली ते नेमकं सांगितलं तर ते खरं असतं आणि शिकणाऱ्याला ते पुन्हा करता येतं. सरसकट "छान" हे ऐकलंच नाही असं सांगण्यासारखं आहे.

नवशिकी
मधेच विचारते, माफ करा. मी ४१ वर्षांची, दोन महिने झाले. ऑनलाइन गटावर व्हिडिओ टाकते, तर कोणी हसरा चेहरा टाकतं, कोणी म्हणतं युकुलेले चुकीचं धरलंय, कोणी म्हणतं तारा बदला. सात जणांची सात मतं. कोणाचं ऐकू?

शेवउसळ
तू "कसं वाटलं?" असं विचारतेस का? तसं विचारू नकोस. "एफ वरून जी ला जाताना खंड पडतो का तेवढं ऐका" असं लिही. मी तसं करायला लागल्यापासून तिघंच उत्तर देतात, पण तिघांचंही कामाचं असतं.

तिसरी_खुंटी (इंदूर)
आता सविस्तर लिहितो. मी जुनी गिटार-युकुलेले दुरुस्त करतो, हौस म्हणून. माझ्याकडे "मला येतच नाही" म्हणत आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं वाद्य आजारी निघालंय. म्हणून वाजवणाऱ्याला काही बोलण्याआधी वाद्य माझ्या हातात द्या, असं मी म्हणतो.

पहिलं, सूर. जी, सी, ई, ए. तारा नव्या असतील तर नायलॉन कित्येक दिवस ताणत राहतं, सकाळी लावलेला सूर अर्ध्या तासात उतरतो. शिकणाऱ्याला वाटतं बोट चुकलं. गिटारवरून आलेले लोक आणखी एक गोंधळ करतात: वरची जी तार सगळ्यात जाड आवाजाची असणार असं समजून एक सप्तक खाली लावतात. नेहमीच्या संचात ती सी पेक्षा उंच असते. खाली लावली तर ती लोंबते आणि कॉर्ड भलताच ऐकू येतो.

दुसरं, मानेच्या (वाद्याच्या लांब दांड्याच्या) टोकाची खाचांची पट्टी, नट. खाचा उथळ असतील तर पहिल्या फ्रेटवर तार दाबायला फार जोर लागतो आणि दाबली की सूर चढतो. बघायची युक्ती: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. केसाएवढी हवी. जास्त असेल तर त्या माणसाला "जोरात दाबा" सांगणं अन्याय आहे. खाचा कानशीने हलके हलके खोल करायच्या, जाणकाराकडून.

तिसरं, ज्यासाठी मी सुरुवातीला विचारलं होतं. युकुलेलेला बहुधा पट्टा नसतो. २१ इंची सोप्रानो काखेत धरून निभावतं. २३ इंची कॉन्सर्टही जमतं. २६ इंची टेनर असेल आणि माणूस बसून वाजवत असेल तर मानेचा भार डाव्या हातावर येतो. म्हणजे जो हात कॉर्ड बदलणार, तोच हात वाद्य उचलून धरतोय. बोटं सोडली की मान खाली जाते. मग माणूस आधी वाद्य सावरतो, नंतर कॉर्ड धरतो. ऐकणाऱ्याला वाटतं लय गेली.

गच्चीवरचा, काकूंचं युकुलेले किती इंची आहे?

गच्चीवरचा
टेनर आहे. मुलाने आणून दिलं होतं. पट्टा नाही.

खरं सांगतो, तुमचा पहिला प्रश्न मी वाचून पुढे गेलो होतो. वाटलं, विषयाशी संबंध नाही. आज संध्याकाळी काकूंकडे जातो.

आईची_शाळा
शिकवायला जाऊ नका. चहा प्यायला जा.

गच्चीवरचा
जाऊन आलो. रात्रीचे अकरा वाजलेत, पण आत्ताच लिहितो.

चहा झाला, पोहे झाले. मी आधी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सगळ्यांसमोर बोललास ते लागलं. खोटं कशाला बोलू?" मग मी शेवउसळ यांचा प्रश्न विचारला. "काकू, ते टेनर तुम्हाला फावतं का?" त्यांनी काही न बोलता डावा अंगठा पुढे केला. बुडाशी सूज होती. तीन महिने त्या अंगठ्याने मान चिमटीत धरून ठेवत होत्या, सुटू नये म्हणून.

म्हणाल्या, "लय सुटत नव्हती रे, वाद्य सुटत होतं. पेटी कशी जमिनीवर असते, ती कुठे जात नाही." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस."

पट्टा लगेच कुठून आणणार. त्यांनीच स्वयंपाकघरातून भांड्यांच्या कप्प्यात टाकतात ती रबरी जाळी आणली, मांडीवर टाकली. उजव्या पायाखाली पाट दिला. युकुलेले वर आलं, घसरायचं थांबलं, अंगठा नुसता मागे टेकला. मग मुठेकाठींनी सांगितलं तसं तिसरं बोट न उचलता सी ते जी. आठ वेळा केलं. मी पायाने ठेका धरला होता. तिसऱ्या वेळेनंतर माझाच पाय त्यांच्या मागे चालत होता. भजनाचा हात आहे हो तो, त्यात काही कमी नाही.

एफ अजून बसका वाजतो. ते मी आज काढलं नाही.

शेवउसळ
वाचताना डोळे भरून आले. अंगठ्याला डॉक्टरांना दाखवायला सांगा, आणि सूज उतरेपर्यंत वाजवायचं थोडंच.

ग्वाल्हेरकर
"तू विचारलंस कुठे, तू सांगितलंस." हे वाक्य मी आज दोनदा वाचलं. माझ्याकडे दोन मुलं गायला येतात. त्यातला एक तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, मान वर करतो. मी त्याला वर्षभर "मान खाली" म्हणतोय. उद्या आधी विचारतो.

शिस्तीबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे, ते या धाग्याने बदललेलं नाही.

रोजचा_रियाज
ते बदलावं असं माझंही म्हणणं नाही. तुमच्या मुलाने काय उत्तर दिलं ते इथे लिहा नक्की.

गच्चीवरचा
तिसरी_खुंटी, आता तुमच्याकडे काम. पट्ट्यासाठी बटण कुठे बसवायचं? भोक पाडताना लाकूड फुटेल अशी भीती वाटते.

तिसरी_खुंटी (इंदूर)
तळाच्या बाजूला, बरोबर मधोमध. तिथे आतून लाकडी ठोकळा असतो, तो स्क्रू धरतो. बाजूच्या पातळ फळीत अजिबात पाडू नका. साउंडहोलमधून (पुढच्या गोल भोकातून) आरसा आणि टॉर्च घालून ठोकळा कुठे आहे ते आधी बघा. ड्रिलचं पातं स्क्रूपेक्षा बारीक घ्या, स्क्रूला मेण किंवा साबण लावा आणि शेवटचे आटे हाताने पिळा. पट्ट्याचं दुसरं टोक खुंट्यांजवळ, नटच्या पलीकडे, तारांखालून दोरीने बांधलं तरी पुरतं. तिथे भोक नको. साउंडहोलला आकडा अडकवून गळ्यात घालायचा पट्टाही मिळतो, पण हात सोडला की वाद्य पुढे पडतं, काकूंना तो नको.

आणि भोक पाडण्याआधी त्यांना विचारा. वाद्य त्यांचं आहे, तेही मुलाने दिलेलं.

गच्चीवरचा
विचारलं. "पाड" म्हणाल्या. पण त्यांच्या घरी, त्यांच्या समोर, आणि टॉर्च त्या धरणार.